गोजू-ऱ्यू: ‘कठोर-मृदू’ म्हणावं का?

विचारणा अशी: कराटेच्या वर्गांच्या फलकांवर ‘गोजू-र्यू (कठोर-मृदू शैली)’ असं लिहिलेलं दिसतं. हे मराठीकरण बरोबर आहे का? आणि ‘र्यू’ लिहायचं कसं?

कोशातला अर्थ पाहिला तर चूक काढता येत नाही. ‘गो’ म्हणजे कठीण, न वाकणारं. ‘वज्र’ या संस्कृत शब्दासाठी जपानीत ‘कोंगो’ म्हणतात, त्यातला ‘गो’ हाच. ‘जू’ म्हणजे मऊ, नमतं घेणारं. ज्युदोमधला ‘ज्यू’ तो हाच. अडचण मराठीच्या बाजूने आहे. आपल्याकडे शिक्षा कठोर असते, मन कठोर असतं. मृदू असतो तो आवाज किंवा स्वभाव. त्यामुळे ‘कठोर-मृदू शैली’ वाचून वाटतं की सेन्सेई (म्हणजे कराटेचे गुरुजी) आधी रागावतात आणि मग समजूत काढतात!

नाव कुठून आलं ते पाहिलं की उलगडा होतो. कराटेचं माहेर म्हणजे जपानच्या दक्षिणेचं ओकिनावा बेट. तिथे पूर्वी घराण्यांना अशी नावं नव्हती. नाहा गावची ती नाहा-ते, शुरीची ती शुरी-ते. ‘ते’ म्हणजे हात. चोजुन मियागी (१८८८–१९५३) हे नाहा-तेचे शिक्षक कान्ऱ्यो हिगाओन्ना यांचे शिष्य. १९३० साली मियागींचे शिष्य जिनआन शिंझातो यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दिलं, तेव्हा त्यांना ‘तुमची शाळा कोणती?’ असं विचारलं गेलं. तोवर ठरलेलं नाव नव्हतं. मियागींनी ते निवडलं ‘बुबिशी’ या ओकिनावात हस्तलिखितांतून जपलेल्या चिनी ग्रंथातून. त्यात मुष्टियुद्धाची आठ वचनं आहेत. तिसरं वचन जपानी वाचनात असं: ‘हो वा गोजू ओ दोंतो सु’. ‘दों’ म्हणजे गिळणं, ‘तो’ म्हणजे बाहेर टाकणं. पद्धत अशी, की कठीण आणि मऊ दोन्ही आत घ्यावं आणि बाहेर सोडावं. घराण्यात याचा अर्थ श्वासाशी जोडून लावतात. म्हणजे वचनात क्रियापद आहे, आणि फलकावरच्या मराठीत नेमकं तेच गळालं.

ही क्रिया ‘सांचिन’ या कात्यात (म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात) उघड दिसते. नावाचा अर्थ ‘तीन लढाया’. शरीर, श्वास आणि मन अशी त्यांची फोड सहसा करतात. पाय खांद्यांइतके फाकलेले, पुढची टाच आणि मागचा अंगठा एका आडव्या रेषेत, पुढचा चवडा थोडा आत वळलेला, गुडघे किंचित वाकलेले, कोपरं बरगड्यांपासून मूठभर अंतरावर. नाकाने श्वास घेत मूठ मागे खेचायची, तोंडाने सोडत ती सावकाश पुढे न्यायची आणि उच्छ्वासाच्या अखेरीस ओटीपोट आवळायचं. बिघडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. खांदे कानांकडे चढतात, किंवा श्वास गळ्यात घोटला जातो. मग घोगरा आवाज मोठा येतो, चेहरा लाल होतो, कुणाला भोवळही येते. पाहणाऱ्याला यालाच ‘गो’ वाटतं, पण ती नुसती कोंडी असते. रक्तदाब असलेल्यांनी तर असं कुंथणं टाळलेलंच बरं.

वेगाच्या ठोशातही हेच. हात पुढे फेकतो तो दंडाच्या मागचा स्नायू. पुढचा स्नायू सुरुवातीपासून आवळलेला असेल तर तो ब्रेक लावतो. म्हणून वाटेत सैल, टेकताना क्षणभर घट्ट, लगेच पुन्हा सैल. ‘गो’चे ठोसे वेगळे आणि ‘जू’चे वेगळे अशी वाटणी होत नाही. सांचिन ‘गो’चा आणि मियागींनी स्वतः बांधलेला, उघड्या तळव्यांचा ‘तेंशो’ हा काता ‘जू’चा, ही विभागणी शिकवायला सोयीची आहे, एवढंच. तेंशोतही पोट आणि पाय सांचिनसारखेच कसलेले असतात.

तेव्हा कंसात अर्थ द्यायचाच असेल तर ‘कणखर-लवचीक’ लिहावं. खाली ओळभर जागा असेल तर ‘आवळणं-सोडणं’ हे समजावून द्यावं. ‘ऱ्यू’ म्हणजे मूळ अर्थाने प्रवाह. ‘शैली’पेक्षा ‘घराणं’ जवळचं, कारण त्यात गुरुपरंपराही येते.

राहिलं लेखन. ‘र्यू’ असा रफार दिला की ‘सूर्य’मधल्यासारखा र् तुटून उच्चारला जातो आणि पोरं ‘रियू’ म्हणू लागतात. जपानीत ते एकाच झटक्यात येतं, आपल्या ‘दऱ्या’मधल्या ऱ्यासारखं. त्यासाठी मराठीत चंद्रकोरीसारखा ऱ आहेच, आणि ‘ऱ्हास’मध्ये तो शब्दारंभीही चालतो. टंकताना नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग यू. ‘गो’ आणि ‘जू’ दोन्ही दीर्घ, म्हणून ‘गोजु’ नको. कराट्यातला ‘टे’ मुळात ‘ते’च आहे, पण ‘कराटे’ आता मराठीत मुरलाय. तो बदलायला जाऊ नये.