विचारलं म्हणून विचार येत नाही

मी समुपदेशनाचं काम करते. पालक भेटायला येतात तेव्हा, प्राध्यापकांचं प्रशिक्षण घेते तेव्हा, आणि हल्ली हॉस्टेलवरची मुलं आपल्या रूम पार्टनरची काळजी घेऊन येतात तेव्हाही एक शंका ठरलेली असते. “मॅडम, त्याचं काही खरं दिसत नाही. पण सरळ विचारायचं धाडस होत नाही. त्याच्या मनात नसलंच, तर आपणच भरवून दिल्यासारखं व्हायचं.” बोलताना ‘आत्महत्या’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘तसं काही’, ‘वेडंवाकडं’, ‘बरंवाईट’ एवढ्यावरच भागवतात.

आधी उत्तर देऊन टाकते. विचारल्याने विचार येत नाही. हे माझं मत नाही, तपासून पाहिलेली गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येविषयी थेट विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. दोन दिवसांनी सगळ्यांनाच विचारलं. आधी विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट ज्यांना नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांना विचारल्याचा थोडा फायदाच झालेला दिसला. २०१४ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यातही विचारल्याने विचार वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

आणि मनात ‘नसलंच तर’ म्हणावं, इतकी ही गोष्ट दुर्मीळ नाही. आठ देशांतल्या १९ महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला आलेल्या सुमारे १४ हजार विद्यार्थ्यांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा विचार आला होता, असं जवळपास एक तृतीयांश मुलांनी सांगितलं. त्यात भारत नव्हता. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आपल्याकडच्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे. म्हणजे आपण विचारायला बिचकतो, तेव्हा तो विचार अनेकदा आपल्या आधीच तिथे पोचलेला असतो.

आता सागरची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे. तपशीलही दोन-तीन मुलांचे एकत्र केले आहेत.

सागर मराठवाड्यातला. पुण्यात इंजिनिअरिंगला. शैक्षणिक कर्ज, घरी थोडी कोरडवाहू शेती, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. विषय राहिले आणि वर्ष गेलं. घरी मात्र त्याने “सगळे विषय सुटले” असं सांगितलं होतं. माझ्याकडे तो स्वतःहून आला नाही. आधी त्याचा रूम पार्टनर आला, एकटाच. म्हणाला, “मॅडम, मेसला येत नाही, रात्रभर जागा असतो. पण गेल्या आठवड्यापासून बरा वाटतोय. शांत झालाय. सगळ्यांची उधारी पण फेडली त्याने.”

उधारी फेडली, हे ऐकल्यावर मी वही बाजूला ठेवली. महिनोन् महिने घालमेल चाललेलं माणूस कारण नसताना एकदम शांत होतं, देणी मिटवतं, आवडत्या वस्तू वाटून टाकतं, तेव्हा घरच्यांना हायसं वाटतं. मला वाटत नाही.

“तू विचारलंस त्याला?”

“नाही ना मॅडम. मी विचारलं आणि त्याच्या डोक्यात आलं, तर माझ्यावरच यायचं ते.”

मी त्याला म्हटलं, आजच घेऊन ये. वाटेत एकटं सोडू नको. आणि काही खोटं कारण सांगू नको, “मला तुझी काळजी वाटते म्हणून मॅडमकडे जाऊ” एवढंच म्हण. संध्याकाळी दोघं आले. रूम पार्टनर बाहेर बसला.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, “सागर, इतके दिवस एकट्याने ओढत राहिलं की कित्येकांना जगणं नको होतं. तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?”

त्याने वर पाहिलं. “त्याने सांगितलं तुम्हाला?”

“तू उधारी फेडलीस, एवढं सांगितलं.”

तो हसला. मग म्हणाला, “येतो.”

त्यानंतर मी जे जे विचारलं, त्याची उत्तरं त्याने बस कधी सुटते ते सांगावं तशा आवाजात दिली. किती दिवसांपासून, किती वेळा, काही ठरवलं आहे का, त्यासाठी काही जवळ ठेवलं आहे का. आतापर्यंत कशाने थांबलास, या प्रश्नावर म्हणाला, “बहिणीचं लग्न दिवाळीनंतर आहे. आधी काही झालं तर मोडेल.” मरतानाही कुणाला अडचण होऊ नये, याचा हिशोब हा मुलगा करत होता. थॉमस जॉयनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात ‘आपण इतरांवर ओझं आहोत’ या भावनेला फार वरचं स्थान आहे. आपल्याकडच्या कर्ज काढून शिकणाऱ्या मुलांना ऐकताना मला तो सिद्धांत रोज आठवतो.

त्या संध्याकाळी समुपदेशन असं काही केलं नाही. इजा करता येईल असं जे होतं, ते रूम पार्टनरने ताब्यात घेतलं. मी मानसोपचारतज्ज्ञांची त्याच रात्रीची वेळ घेतली. आणि घरी सांगणं. “घरी नको,” तो हटून बसला. मी म्हटलं, “घरच्या कुणाला तरी सांगावं लागणारच. कुणाला, ते तू ठरव.” बऱ्याच वेळाने म्हणाला, “मामांना.” मामा रात्रीच्या एसटीने निघाले आणि सकाळी हॉस्टेलवर हजर झाले. एक तर निवड त्याची होती, आणि मामाही योग्य निघाले. आल्या आल्या त्यांनी भाषण दिलं नाही, आधी त्याला नाश्ता करायला नेलं.

औषधांनी झोप परत आली, तेव्हा आमचं खरं काम सुरू झालं. मी विवेकनिष्ठ मानसोपचार मानणारी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत डॉ. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून त्या घटनेकडे पाहण्याची त्याची रीत अधिक छळते, हा तिचा गाभा. पण आमच्या पंथातल्या काही उत्साही मंडळींना पहिल्याच भेटीत समोरच्याचे विचार खोडून काढायची घाई असते. उपाशी, रात्र रात्र जागलेल्या आणि मरणाचं ठरवून बसलेल्या मुलाशी वाद घालू नये. आधी त्याला सुरक्षित करावं, झोपवावं, जेवू घालावं. वाद नंतर.

मामांना त्याचे विचार कळले होते, पण वर्ष गेल्याचं आई-वडिलांना सांगायचं बाकीच होतं. सागर तिथेच अडला होता. “पप्पांना कळलं की संपलं,” हे वाक्य प्रत्येक भेटीत यायचं. एकदा मी ते धरून ठेवलं.

“समज, आत्ता फोन लावलास. नापास झालो, वर्ष गेलं, तुमच्याशी खोटं बोललो, असं सांगितलंस. पुढे?”

“संपलं.”

“संपलं म्हणजे? घरात कोण काय करतंय, ते सांग.”

“पप्पा काही बोलणार नाहीत. फोन आईकडे देतील.”

“मग?”

“आई रडेल.”

“किती वेळ?”

तो वैतागला. “मला काय माहीत मॅडम! रडेल अर्धा तास.”

“मग?”

“मग काय… म्हशीची धार काढायची वेळ झाली की उठेल.” आणि तो थांबला.

मीही थांबले. अशा वेळी आपल्याला फार बोलावंसं वाटतं. ‘अरे, आई-बापाला पैशापेक्षा लेकरू मोठं असतं’ हे वाक्य माझ्याही जिभेवर होतं. ते त्याने आयुष्यभर ऐकलेलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नव्हता. ते मी गिळलं.

“पप्पा?” मी विचारलं.

“पप्पा त्या रात्री जेवणार नाहीत.”

“दुसऱ्या दिवशी?”

आता तो बराच वेळ गप्प होता. “दुसऱ्या दिवशी मामांना फोन करतील. विचारतील, वर्षाची फी परत भरावी लागते का म्हणून.” एवढं बोलला आणि रडायला लागला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

या क्षणाकडे मी पुन्हा पुन्हा जाते, कारण माझ्या कामातलं बरंचसं शहाणपण त्यात आहे. सागरच्या डोळ्यांसमोरचं चित्र ‘संपलं’पाशी येऊन तुटायचं. त्या पलीकडे म्हैस होती, फी होती, दुसरा दिवस होता, आणि हे सगळं त्याला माहीतच होतं. मी एकही नवी गोष्ट सांगितली नाही. ‘मग?’ एवढंच विचारत राहिले. त्याचं दुःख खोटं नव्हतं. बापाची उपासाची रात्र खरी होती, कर्ज खरं होतं. ते भयंकर वाईट होतं, पण शेवट नव्हतं. वाईट आणि शेवट यांतलं अंतर माणसाने स्वतःच्या तोंडाने मोजलं, की ते त्याचं होतं. मी मोजून दिलं असतं, तर ते दारापर्यंतही टिकलं नसतं.

फोन त्याने मामांना शेजारी बसवून लावला. प्रत्यक्षात पप्पा गप्प बसले नाहीत, चांगले अर्धा तास ओरडले. पुढचे कित्येक आठवडे बोलले नाहीत. फीचं विचारलं ते आईने. सगळं गोड झालं नाही, पण सागरने राहिलेले विषय सोडवले आणि पुढच्या वर्षाला गेला. औषधं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितली तोवर घेतली.

आता पुन्हा सुरुवातीच्या शंकेकडे. इतक्या जणांकडून ती ऐकल्यावर माझं एक मत झालं आहे. आपण डोक्यात भरवू, ही भीती बहुतेकांना वरवरची असते. खरी भीती असते ती तो ‘हो’ म्हणाला तर आपण काय करायचं, याची. म्हणून विचारण्याआधी त्या ‘हो’ची तयारी करा.

विचारताना निवांत जागा आणि हाताशी वेळ हवा. परीक्षेला निघालेल्या मुलाला जिन्यात अडवून विचारू नये. प्रश्न साधा: “तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतो का?” “तू तसलं काही करणार नाहीस ना?” असं विचारलंत, तर तुम्हाला कोणतं उत्तर हवं आहे ते त्याला कळतं आणि तेच मिळतं. तो ‘हो’ म्हणाला, की दचकू नका, शपथा घालू नका, आईचा चेहरा आठवायला सांगू नका. त्याच्या मनात अपराधाचं ओझं आधीच भरपूर आहे. “बरं झालं सांगितलंस,” असं म्हणा आणि ऐका. काही ठरवलं आहे का, हे विचारा. ठरवलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मित्रांनीही देऊ नये. मैत्री तुटेल म्हणून मुलं गप्प राहतात. तुटलेली मैत्री पुन्हा जोडता येते.

पोलिसांचं लफडं होईल म्हणूनही लोक लपवतात. विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. ज्याच्या मनात विचार येतात त्याने तर करावाच, पण काळजीत पडलेल्या आईने, मित्राने, हॉस्टेलच्या रेक्टरनेही करावा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि असे क्रमांक हॉस्टेलवर, वर्गांत ठळक अक्षरांत लावलेले हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या मुलाच्या हॉस्टेलवर तो लावलेला आहे का, हे पुढच्या वेळी सामान पोचवायला जाल तेव्हा बघा. सूचनाफलकावर मेसच्या थकबाकीची यादी मात्र मी कधी चुकलेली पाहिली नाही.

आणि विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला, पण तुमचं मन मानत नसेल, तर चार दिवसांनी पुन्हा विचारा. पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालेली मुलं कित्येकदा दुसऱ्या वेळी ‘हो’ म्हणतात.