समान, समन्यायी आणि सामाईक

प्रश्न : "गावात हवामान न्यायावर माहितीपत्रक काढायचं आहे. मसुद्यात 'पाण्याचं समान वाटप' आणि 'देशांच्या समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या' असे शब्द आलेत. एक गुरुजी म्हणतात, 'समन्यायी' हा शब्दच अशुद्ध आहे. खरं काय? शिवाय 'हवामान न्याय' लिहावं की 'जलवायू न्याय'?" (परतूर तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : 'समान' खोडा. दोन्ही ठिकाणी खोडा.

पाऊस उघडला आणि जायकवाडी भरलं नाही की 'समान पाणीवाटप' सुरू होतं. भाषणात, फलकावर, मथळ्यात. कायद्यात तसं काही नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ चं कलम १२(६)(क) म्हणतं की खोऱ्यातल्या टंचाईची झळ न्यायानं वाटून घ्यायची. त्यासाठी ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांतल्या वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण सारखी राहील असं बघायचं. सारखी राहायची ती टक्केवारी, पाणी नव्हे. जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). हे वाटप कसं करायचं ते ठरवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या तक्त्यातला उंबरठा ६५ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे १४११ दलघमी. १५ ऑक्टोबरला त्याखाली हिशेब आला की वरच्या, नाशिक-नगरकडच्या धरणांकडे बोट जातं.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरचा आदेश बघा. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी एकूण ८.६०३ टीएमसी (अब्ज घनफूट) सोडायचं होतं. त्यात मुळा धरणसमूहाकडून २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५ आणि गोदावरी-दारणा २.६४३. हे 'समान' असतं तर चौघांकडून २.१५ च्या आसपास निघालं असतं आणि गंगापूरवर अन्याय झाला असता. चार वेगवेगळे आकडे आले, कारण प्रत्येकाकडचा साठा आणि गरज वेगळी. याला समन्यायी म्हणतात. झालं, शब्दाचा अर्थ एवढाच.

आता गुरुजींची हरकत. 'न्यायी' म्हणजे न्याय करणारा, वाटप काही न्यायाधीश नाही, म्हणून 'समन्याय्य' लिहा, हीच ना? या हिशेबानं दुपदरी रस्त्यानं पदर घेतलेला असायला हवा आणि तिमजली इमारतीनं मजला बांधायला हवा. मराठीत 'ई' लावून असलेपणाचं विशेषण राजरोस होतं : तिरंगी, दुपदरी, बहुमजली, समन्यायी. संस्कृतचा चष्मा लावून मराठीची तपासणी करणाऱ्यांनी निदान तो चष्मा तरी नीट लावावा, कारण खरी गंमत संस्कृतातच आहे.

'न्याय' कुठून आला? न्यायशास्त्राची पाठ्यपुस्तकं 'नीयते अनेन', ज्यानं नेलं जातं तो न्याय, असं सांगून मोकळी होतात. म्हणजे धातू 'नी', नेणे. हे कानाला गोड आहे आणि मला मुळीच पटत नाही. 'नी'ला नाम बनवणारा 'अ' प्रत्यय (घञ्) लावलात तर 'नाय' मिळतं. त्याच धातूचे नायक, विनायक, परिणाय. 'न्या' कुठून आणणार? 'नि' हा उपसर्ग आणि 'इ' म्हणजे जाणे हा धातू घ्या : नि + आय = न्याय. ओढाताण नाही. पाणिनीनं तर अष्टाध्यायीच्या ३.३.३७ या सूत्रात दोघांना शेजारी उभं करून वेगळं केलंय : परिन्योर्नीणोर्द्यूताभ्रेषयोः. सोंगटी हलवायची असेल तर 'नी'पासून परिणाय, 'अभ्रेष' असेल तर 'इ'पासून न्याय. अभ्रेष म्हणजे न ढळणं. काशिका, म्हणजे अष्टाध्यायीवरची जुनी टीका, त्याचा अर्थ देते, 'यथाप्राप्तकरणम्' : जे जसं वाट्याला आलं ते तसंच पार पाडणं.

त्याच्या लगेच पुढचं सूत्र, ३.३.३८, वाचाच : परावनुपात्यय इणः. याच 'इ' धातूपासून, 'परि' लावून, पर्याय. आणि अर्थ? 'दुसरा उपाय' नव्हे. क्रमानं आलेलं न ओलांडणं. काशिकेतलं उदाहरण आहे 'तव पर्यायः, मम पर्यायः'. तुझी पाळी, माझी पाळी! पाणिनीच्या मांडणीत न्याय आणि पाळी हे शेजारी आहेत, एका धातूची लेकरं. कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या तोंडी न्याय हा शब्द क्वचित, 'पाळी' रोज. शासकीय कागदावर त्याचं 'आवर्तन' होतं, ते असो.

पाळीतही 'समान' कसा घात करतो बघा. चारीवर, म्हणजे कालव्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या पाटावर, दहा जण, प्रत्येकाला सारखे सहा तास. कागदावर समान. आता मोजा. चारीचा सरळ दहा मीटरचा तुकडा धरा, वरून वाळकी काडी सोडा, सेकंद मोजा. रुंदी ४० सेंटिमीटर, पाण्याची खोली २५, काडीला २८ सेकंद. काडी पृष्ठभागाचा वेग दाखवते आणि तळाचं पाणी संथ असतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणायचं. सेकंदाला साधारण ३० लिटर येतात. चारीच्या शेपटाला, शेवटच्या टोकाला, जाऊन पुन्हा तीच मोजणी करा. खोलीही तिथं पुन्हा मोजा, वरचा आकडा उचलू नका. मातीच्या चारीत झिरपा आणि उंदरांची बिळं मिळून तिथं २० लिटरच पोचत असतील, तर सहा तासांत वरच्याला ६४८ घनमीटर आणि खालच्याला ४३२. खालच्याला नऊ तास द्याल तेव्हा ६४८ होतील. नऊ आणि सहा : असमान तास, समन्यायी पाणी. वरचे लोक इथं भांडतात, 'तास सारखे हवेत' म्हणून. मोजणी दोघांदेखत करा आणि आकडे त्याच दिवशी वहीत सह्यांनिशी घ्या, नाहीतर वाद पुढच्या हंगामात जातो.

दुसरी खोट रात्रीची. पाळी बरोबर सात दिवसांची, म्हणजे १६८ तासांची, ठेवली की ज्याची मध्यरात्रीची आली त्याची कायमची मध्यरात्रीची. साडेसात दिवसांची, १८० तासांची, केली की दिवस-रात्र आपोआप पालटते. विहिरीवरच्या सामाईक मोटारीलाही हेच गणित चालतं, फक्त थ्री फेज कोणत्या आठवड्यात दिवसा आहे ते वेळापत्रक आधी शेजारी ठेवा.

आणि सारखेपणा नेमका कशाचा, हे ठरवल्याशिवाय पत्रक छापू नका. धरणांमध्ये टक्केवारीचा, चारीवर घनमीटरचा. विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीनं पुरंदरमधल्या नायगावात तो माणसांचा धरला : माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे. एकरी समान वाटप केलं असतं तर भूमिहीनाचा वाटा शून्य आला असता, आणि तोही अगदी 'समान' नियमानं.

आता देशांचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान करारनाम्यातल्या कलम ३(१) चं 'समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या' हे भाषांतर कुणी रूढ केलं कोण जाणे. एकाच दमात समान आणि विभेदित! मूळ म्हणणं असं की वातावरण सगळ्यांचं एक आहे, म्हणून जबाबदारी सगळ्यांची; पण ज्यानं जास्त धूर सोडला आणि ज्याची ऐपत जास्त, त्याच्यावर भार जास्त. याला मराठीत सातबाऱ्यावरचाच शब्द आहे : सामाईक. सामाईक विहिरीत एकाचा आठ आणे हिस्सा असतो, दुसऱ्याचा दोन आणे, आणि गाळ काढायचा खर्च त्याच हिशेबानं येतो. विहीर सामाईक, हिस्से असमान. 'सामाईक पण आपापल्या वाट्याच्या जबाबदाऱ्या' असं लिहा. वाचणाऱ्याला तळटीप लागणार नाही.

'सामाईक'ला कुणी 'समान'चा भाऊ समजतं, कुणी 'समय'शी जोडतं. माझा कौल सामवायिककडे : समवाय, म्हणजे सम् + अव + तोच 'इ', एकत्र येणं. मधला 'व' बोलताना गळाला, 'वायि'चं 'आई' झालं. पुरावा मागाल तर ध्वनी आणि अर्थ, दोन्ही जुळतात एवढाच आहे.  

राहिलं जलवायू. तो हिंदीतला शब्द, तिथं शोभतो. आपल्याकडे पर्जन्यमान, तापमान, हवामान अशी ओळ आधीच आहे. 'हवामान न्याय' लिहा, आणि पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात या शब्दांना जसं अवतरणात ठेवून 'काहींना महत्त्वाची वाटणारी संकल्पना' म्हटलंय, तसं करू नका. अवतरणचिन्हं काढून छापा.