सोलरच्या आधी खरेदीची यादी काढा

कारखान्यात 'ग्रीन'चं काम नव्यानेच अंगावर आलं असेल, तर छतावरच्या सोलरपासून सुरुवात करू नका. आधी खरेदी विभागात बसा. बऱ्याच उत्पादनांत कार्बनचा मोठा वाटा कच्च्या मालातूनच येतो. हिशेबात तो स्कोप ३ मध्ये, म्हणजे आपल्या कारखान्याबाहेर पुरवठादार-ग्राहकांकडे होणाऱ्या उत्सर्जनात धरतात, आणि स्कोप ३ चे १५ प्रकार आहेत. सगळे एकदम भरायला जाऊ नका, वर्षभरात सर्वाधिक वजनाने येणारा माल आधी धरा. ॲल्युमिनियम असेल तर भंगारापासून बनवलेलं मागा. खनिजापासून बनवण्यापेक्षा त्याला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

पुरवठादाराला त्याच्या मालाच्या कार्बनची नुसती प्रश्नावली पाठवू नका, प्लीज. त्याच्या शॉपफ्लोअरवर जा. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना हवेच्या पाइपलाइनला कान लावा; सूं आवाज आला की समजा, कॉम्प्रेसरची वीज तिथून गळतेय. ती गळती त्याच्यासोबत शोधलीत की आकडे मागणंही सोपं जातं.