पाण्याबाहेर येऊ पाहणारे खेकडे

प्रश्न : मुलीच्या हट्टामुळे गेल्या महिन्यात जांभळ्या अंगाचे, पिवळ्या डोळ्यांचे तीन इवलेसे खेकडे आणले. दुकानदाराने त्यांना ‘व्हँपायर क्रॅब’ म्हटले. माशांच्या भरलेल्या टाकीत ते सतत फिल्टरच्या नळीला धरून वर चढत. एक निसटला आणि कपाटाखाली वाळलेला सापडला. काल तळाशी दुसऱ्याचे कवच दिसले. इथल्या उन्हाळ्यात हे जगतील का? – एक वाचक, परभणी

उत्तर : ते कवच फेकून दिले नसेल, तर कृपया तसेच राहू द्यावे. ते हलके, आतून पोकळ आणि मागच्या कडेला उकललेले असेल, तर खेकडा मेला नसून त्याने कात टाकली आहे. नवे अंग कडक होईपर्यंत तो काही दिवस दडून राहतो, आणि टाकलेले कवच खाऊन त्यातले कॅल्शियम परत मिळवतो. या काळात त्याला शोधण्यासाठी टाकी उपसू नये.

हे खेकडे मूळचे जावा बेटावरचे. त्यांना शास्त्रीय नाव मिळाले ते 2015 साली. ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीवर राहणारा हा जीव कल्ल्यांनी श्वास घेतो खरा, पण ते कल्ले ओले असतील तोवर त्याला हवेतला प्राणवायू घेता येतो. म्हणून त्याला खोल पाण्यात ठेवणे जितके चुकीचे, तितकेच कोरड्या फरशीवर मोकळे सोडणेही घातक. आपला पहिला खेकडा याच कोरडेपणाने गेला असावा.

टाकीचा दोनतृतीयांश भाग जमिनीचा करावा. भिजवलेल्या कोकोपीटचा जाड थर, त्यावर सुकी पाने, दडायला फुटक्या माठाची खापरे, आणि उरलेल्या भागात चढून येता येईल असे उथळ पाणी, एवढे पुरते. झाकण घट्ट हवे.

परभणीचा मे महिना ही खरी परीक्षा आहे. या खेकड्यांना साधारण 24 ते 28 अंश तापमान आणि पाऊणशे टक्क्यांहून अधिक आर्द्रता मानवते, तर आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी होते. टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कूलर चालत असेल तिथे, पण त्याच्या थेट झोताबाहेर ठेवावी, आणि दिवसातून दोनतीनदा पाणी फवारावे. नळाचे पाणी आधी दिवसभर उघड्या बादलीत ठेवल्यास त्यातले क्लोरीन निघून जाते. बोअरचे जड पाणी कवचासाठी उलट बरेच. मात्र तांब्याच्या हंड्यातले पाणी मुळीच वापरू नये, कारण आपल्या आरोग्यासाठी चांगले मानले जाणारे तांबे खेकड्यांना विषासारखे बाधते. त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडही लावू नये. त्यातली कीटकनाशके कवचधारी प्राण्यांना फार लवकर मारतात.

मेलेल्याच्या जागी नवा आणायचा असल्यास मृगाच्या सरींनी हवा ओली होईपर्यंत थांबावे. दोन नर एका टाकीत भांडतात, म्हणून आधी पोटाखालची घडी पाहावी : नराची अरुंद आणि टोकदार असते, मादीची रुंद. आपल्याकडे आधीच नर असेल, तर मादीच आणावी. तिची अंडी समुद्राच्या पाण्याविनाच वाढतात आणि त्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर पडतात.