यकृताचा आजार आणि लॅक्टुलोज

प्रश्न : वडिलांना लिव्हर सिरॉसिस (यकृत व्रणांमुळे कडक होण्याचा आजार) आहे. लॅक्टुलोज या पोट साफ करणाऱ्या औषधामुळे त्यांना दिवसातून 3 वेळा शौचास होते. बद्धकोष्ठता नसताना हे औषध बंद करावे का?

उत्तर : परस्पर मुळीच बंद करू नये. आतड्यात तयार होणारा अमोनिया हा विषारी पदार्थ आजारी यकृताकडून पुरेसा निकामी होत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोहोचल्यास गुंगी व गोंधळ निर्माण होतो. लॅक्टुलोज तो शौचावाटे बाहेर काढण्यास मदत करते, म्हणून दिवसाला 2 ते 3 वेळा मऊ शौच होणे अपेक्षितच आहे. पाण्यासारखे जुलाब झाल्यास मात्र शरीर शुष्क होऊन तोच गोंधळ वाढतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी. रात्री जागरण, दिवसा झोप, हात थरथरणे किंवा सही बिघडणे या खुणा (त्या बहुधा घरच्यांनाच आधी जाणवतात) दिसताच रुग्णालय गाठावे. झोपेची गोळी किंवा आयबुप्रोफेन (वेदनाशामक गोळी) स्वतःहून देऊ नये.