काळी डुकरं विकू नका, नर बदला

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमच्याकडं वडिलांपासूनची गावठी काळी डुकरं आहेत. १२ माद्या आणि १ नर, तोही आमच्याच कळपातला. पूर्वी एका वेताला आठ-नऊ पिल्लं व्हायची, आता पाच-सहावर आलंय. काही पिल्लांच्या बेंबीपाशी फुगवटा दिसतो. जो तो म्हणतो, काळी विकून पांढरी यॉर्कशायर आण. काय करावं? आमच्या डुकरांची जात म्हणून कुठं नोंद होते का?
— एक वाचक, ता. उदगीर, जि. लातूर

उत्तर : भाऊ, विकू नका. तुमची डुकरं वाईट नाहीत, त्यांचं नातं फार जवळचं झालंय. आई, बहीण, लेक सगळ्यांवर एकच नर गेला की पिल्लं घटतात, बेंबीचा हर्निया दिसू लागतो, एखाद्या नरपिल्लाचं एक वृषण खाली उतरतच नाही.

याचा हिशेब नीट समजून घ्या. १२ माद्यांना १ नर असेल तर पैदाशीच्या दृष्टीनं तो कळप १३ जनावरांचा नसतो, जेमतेम ४ जनावरांइतका भरतो, कारण प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा त्या एकाच नराकडून येतो. त्याच माद्यांना आपसात नातं नसलेले ४ नर मिळाले तर तो १२ जनावरांइतका होतो. एकही मादी न वाढवता तिप्पट फरक पडतो. चार नर एकट्यानं पोसायची गरज नाही. मुखेड, देगलूर, अहमदपूरकडच्या पाळणाऱ्यांशी बोला, नरांची अदलाबदल करा आणि दर दीड-दोन वर्षांनी नर बदलत राहा. आणलेला नर महिनाभर वेगळा ठेवा, स्वाईन फिवरची लस टोचून घ्या. आफ्रिकन स्वाईन फिवर हा वेगळा रोग. तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा आढळला आणि त्याच्यावर ही लस चालत नाही. खरकट्यातल्या डुकराच्या मांसातूनही तो पसरतो, म्हणून हॉटेलचं खरकटं अर्धा तास उकळल्याशिवाय कधीच घालू नका.

आता यॉर्कशायरचं. जात चांगली आहे. झपाट्यानं वाढते, पिल्लंही जास्त देते. पण तिला मोजून खाद्य, सावली आणि भरपूर पाणी लागतं. मे महिन्यात नांदेडजवळ एका शेडवर गेलो होतो. पत्र्याखाली पांढरी डुकरं धापा टाकत पडलेली, कानांची आणि पाठीची कातडी लाल होऊन सोलत होती. बाहेर एक काळी मादी ओल्या चिखलात आडवी, लांब तोंड पुढं, कण्यावर राठ केसांची ओळ, आणि पिल्लं निवांत दूध पीत होती. डुकराला घामानं अंग थंड करता येत नाही, त्यात पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं. उष्म्यानं नराचं वीर्य बिघडलं तर ऊन उतरल्यावरही पाच-सहा आठवडे माद्या नीट गाभण राहत नाहीत.

संकर करायचाच असेल तर निम्म्या माद्यांवर करा आणि ती सगळी पिल्लं बाजारात विका. संकरित नर पैदाशीला ठेवू नका, कारण पहिल्या पिढीचा जोम पुढच्या पिढीत निम्म्यावर येतो. उरलेल्या माद्यांना काळाच नर द्या. देवणी गाय तुमच्या शेजारच्या तालुक्याची. जर्सी-होल्स्टिन या विदेशी गायींच्या लाटेत ती कशी मागं पडली ते तुमच्या वडिलांनी पाहिलंय.

ब्रिटनमध्ये १९५५ साली एका सरकारी समितीनं मोजक्या तीन जातींवरच भर द्या असा सल्ला दिला. १९७० च्या दशकात लिंकनशायर कर्ली कोट ही तिथली कुरळ्या केसांची जात कायमची संपली. आपल्याकडं २०१९ च्या पशुगणनेत डुकरं ९०.६ लाख भरली, २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्के कमी. मला याची खरी काळजी वाटते, कारण वळूचं वीर्य नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं तसं डुकराचं टिकत नाही. ते गोठण फारसं सोसत नाही, म्हणून १७ अंशांवर ठेवून थोड्याच दिवसांत वापरावं लागतं. गावठी वाण वाचवायचा तर तो मुख्यतः जिवंत कळपातच वाचतो, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या दारात.

नोंदीचं काम कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. बंगालचं घुंगरू, गोव्याचं आगोंदा गोवन, नागालँडचं तेन्यी वो यांना तिथं जात म्हणून मान्यता मिळाली आहे. त्यासाठी आपली डुकरं इतरांपेक्षा वेगळी आहेत आणि पिढ्यान् पिढ्या तशीच निपजतात, हे मोजमापांनी दाखवावं लागतं. तुम्ही आजपासून वही घाला. मादी पहिल्यांदा कधी व्याली, किती पिल्लं झाली, किती जगली, वर्षाची झाल्यावर वजन किती, बाप कोणता. सोबत मोबाईलवर समोरून आणि बाजूनं फोटो काढा. तुमच्या उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वही घेऊन तिथल्या पशुप्रजनन आणि आनुवंशिकीच्या प्राध्यापकांना भेटा, आणि नर बदलणारे दोघं-तिघं पाळणारेही सोबत न्या.