शेपटी, पुढचा ड्यू क्लॉ, मागचा ड्यू क्लॉ: तीन वेगळे निर्णय

कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीची सहा पिल्लं, आज दुसरा दिवस. ज्यांचा नर होता ते म्हणतात, पाचव्या दिवसाच्या आत शेपट्या छाटणं आणि ड्यू क्लॉ (पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीपासून वर असलेलं नखाचं बोट) काढणं एकदमच उरकून घ्या, या वयात पिल्लांना काही कळत नाही, नंतर गिऱ्हाईक मिळणार नाही. करू की नको, असं तुम्ही विचारलंय. वेळ कमी आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो. शेपट्यांना हात लावू नका. पुढच्या पायांच्या ड्यू क्लॉलाही नाही. मागच्या पायांना ड्यू क्लॉ आहेत का ते आजच बघा. बहुतेक नसतीलच, आणि असले तरी या आठवड्यात काही करायचं नाही.

आता कारणं.

'एकदमच उरकून घ्या' ही सवय जुनी आहे. त्यामुळे लोकांना हे एकच काम वाटतं, पण शेपटी, पुढचा ड्यू क्लॉ आणि मागचा ड्यू क्लॉ यांचा शरीरातला उपयोग वेगळा आणि कापण्याची कारणंही वेगळी. एकाला लागू होणारं कारण दुसऱ्याला चिकटवून तिन्ही एका बैठकीत छाटली जातात.

'काही कळत नाही' हे तर सोडूनच द्या. शेपटी म्हणजे नुसती कातडी नाही. पाठीचा कणाच तिथे पुढे चालू राहतो, त्यात मणके, स्नायू, रक्तवाहिन्या, नसा सगळं आलं. नवजात पिल्लाचे डोळे-कान बंद असतात, पण वेदना मेंदूकडे नेणारी यंत्रणा चालू असते. उलट वेदना आतून दाबून धरणारी यंत्रणा त्या वयात पुरती तयार झालेली नसते. ऑस्ट्रेलियात डॉबरमन, रॉटवायलर आणि बुव्हिए जातींच्या ५० पिल्लांचं डॉकिंग (म्हणजे शेपटी छाटणं) होताना निरीक्षण केलं होतं, ते १९९६ साली प्रसिद्ध झालं. कापताना एकूण एक पिल्लू किंचाळलं. पुढे सरासरी दोन-तीन मिनिटांत ती शांत झाली, आणि नेमका हाच भाग डॉकिंगवाले पुढे करतात: बघा, लगेच दूध प्यायला लागली. अहो, दोन दिवसांच्या पिल्लाला दुसरं काय करता येतं? चोखणं आणि झोपणं एवढंच त्याच्या हातात असतं.

मग पाच दिवसांची मुदत आली कुठून? त्या वयात हाडं मऊ असतात, रक्त कमी जातं, पिल्लू एका मुठीत मावतं आणि धडपडून सुटू शकत नाही, त्यामुळे भूल न देता काम भागतं. म्हणजे सोय सगळी कापणाऱ्याची. हेच काम आठव्या आठवड्यात करायचं म्हटलं तर ती पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया ठरते, आणि बहुतेक डॉक्टर जखम, गाठ किंवा सडलेला भाग असं काही वैद्यकीय कारण असल्याशिवाय ती करणार नाहीत.

शेपटी छाटण्याची कारणं काळाप्रमाणे बदलत आलीत. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोल्युमेला शेपटीचं टोक शिरेसकट काढायला सांगतो, कारण त्याने पिसाळण्याचा रोग होत नाही अशी तेव्हाची समजूत. रोगाचं खरं कारण कळलं, ती समजूत गेली, छाटणं मात्र चालू राहिलं. मग शिकारीत शेपटी फाटते हे कारण पुढे आलं. यात तथ्य आहे, आणि तुमची पिल्लं स्पॅनियल असल्यामुळे हेच कारण तुमच्यासमोर ठेवलं जाईल, म्हणून जरा थांबून बघू.

ब्रिटनमध्ये दवाखान्यांत आलेल्या सव्वा लाखाहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१० साली आला. शेपटीच्या दुखापतीचं प्रमाण निघालं ०.२३ टक्के. हिशेब असा की एक दुखापत टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांच्या शेपट्या छाटाव्या लागतील. हा झाला सगळ्या प्रकारच्या कुत्र्यांचा आकडा. २०१४ साली स्कॉटलंडमधल्या शिकारीच्या कामावरच्या कुत्र्यांचा अभ्यास आला, त्यात न छाटलेल्या स्पॅनियलांपैकी ५६.६ टक्क्यांना एका हंगामात शेपटीला काही ना काही इजा झाल्याचं मालकांनी सांगितलं. फरक प्रचंड आहे. काटेरी झुडपांत दिवसभर घुसून, जोरजोरात शेपटी हलवत पक्षी उठवणाऱ्या कुत्र्याची शेपटी रक्ताळते हे खरंच आहे. स्कॉटलंडने आधी संपूर्ण बंदी घातली होती. २०१७ साली स्पॅनियल आणि काही शिकारी जातींच्या फक्त कामावर जाणाऱ्या पिल्लांसाठी ती सैल केली. तीही टोकाकडचा एक तृतीयांश भाग, पाच दिवसांच्या आत आणि पशुवैद्याच्याच हातून, एवढीच.

तुमची पिल्लं जाणार घरांत, सोफ्यावर. त्यांना पहिला आकडा लागू होतो.

जाता जाता एक गंमत. घरातल्या घरात शेपटी भिंतीवर आपटून टोक फोडून घेणारे कुत्रे म्हणजे लॅब्रेडोर, ग्रेट डेन, ग्रेहाउंड. टाके घालूनही ते टोक महिनोन्‌महिने भरत नाही, पाहणाऱ्याचा जीव नकोसा होतो. या जातींच्या शेपट्या कोणीही छाटत नाही! इजा टाळणं हाच हेतू असता तर यादी इथून सुरू झाली असती.

'काही कुत्री जन्मतःच बांडी असतात, मग छाटली तर काय बिघडलं' असंही कोणी सांगेल. पेम्ब्रोक कॉर्गी, ब्रिटनी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात तसा जीन आहे. ब्रूस कॅटनॅक या जनुकशास्त्रज्ञांनी कॉर्गीशी संकर करून तो बॉक्सरमध्ये आणलाही, तेव्हा न छाटता आखूड शेपटी हवी असेल तर तो मार्ग आहे. मात्र आई-बाप दोघांकडून तो जीन आला तर गर्भ जगत नाही, त्यामुळे दोन बांड्यांची जोडी लावायची नसते. कॉकरशी याचा संबंध नाही.

आता ड्यू क्लॉ. याबद्दल शेपटीपेक्षा जास्त अज्ञान आहे, जाणत्या ब्रीडरांतसुद्धा.

पुढच्या पायाचा ड्यू क्लॉ म्हणजे कुत्र्याचा अंगठा. त्याला हाड आहे, सांधा आहे, पायाच्या वरच्या भागातून आलेल्या स्नायूंचे कंडरे आहेत. उभ्या कुत्र्याकडे बघितलं तर तो जमिनीपासून वर लटकलेला दिसतो, म्हणून निरुपयोगी वाटतो. कुत्रा सुसाट पळताना पुढच्या पायाचं मनगट इतकं वाकतं की हा अंगठा जमिनीला टेकतो, आणि वळताना पाय पिरगळू नये म्हणून पकड देतो. ॲजिलिटीच्या (अडथळे पार करत पळण्याच्या) स्पर्धेतल्या कुत्र्यांवरच्या अभ्यासात पुढचे ड्यू क्लॉ नसलेल्यांना बोटांच्या दुखापती जास्त झालेल्या आढळल्या. घरात बघायचं तर चघळायचं काही द्या आणि तो ते दोन पंजांत कसं धरतो ते बघा.

'अडकून फाटतो' ही तक्रार मात्र खोटी नाही. फाटला की रक्त भरपूर येतं आणि मालक घाबरतो. पण बहुतेक वेळा फाटतो तो वाढलेल्या नखामुळे. बाकीची नखं चालताना झिजतात, हे झिजत नाही. दुर्लक्ष झालं तर गोल वळून मांसात रुततं. उपाय म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी टोक कापणं, बस. कॉकरच्या पायांना झालरीसारखे लांब केस असतात, त्यात हे नख लपतं. केस कापणाऱ्याला आधीच सांगायचं, नाहीतर मशीन त्यावर चालतं. आणि सवय आत्तापासून लावा. पहिल्या आठवड्यापासून पिल्लांची नखं टोकाला जराशी कापायचीच असतात, कारण चोखताना ती आईच्या स्तनांना ओरखडे काढतात. रोज हाताळलेलं पिल्लू मोठेपणी नखं कापताना आकांडतांडव करत नाही.

मागच्या पायाचा प्रकार निराळा. बहुतेक कुत्र्यांना तो नसतोच. असला तर दोन बोटांत धरून हलकेच हलवून बघा. आत हाडाची जोडणी लागत असेल तर ठेवा आणि नख कापत राहा. नुसता कातडीला लोंबत असेल तर तो खरंच अडकू शकतो, आणि तिन्हींपैकी एवढ्याच ठिकाणी काढण्याचा विचार मला पटतो. तोही पाच-सहा महिन्यांनी, डॉक्टरांना दाखवून. नसबंदी करायची असेल तेव्हा त्याच भुलेत. पिरेनियन माउंटन डॉग, ब्रियार, बोसरॉन यांना मागे दुहेरी ड्यू क्लॉ असणं जातीचं लक्षण मानतात, तिथे तर प्रश्नच येत नाही.

नरवाले उद्या स्वतः येऊन 'मी बांधून देतो' म्हणतील. रबरबँड बांधून रक्तपुरवठा तोडतात आणि काही दिवसांत शेपटी सुकून गळते. रक्त दिसत नाही म्हणून तो सौम्य प्रकार वाटतो. प्रत्यक्षात जिवंत भाग दिवसचे दिवस मरत असतो, आणि तिथून संसर्ग आत शिरू शकतो. घरच्या कात्रीचंही तेच. बरी झालेली जखमसुद्धा कधी दगा देते: कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ होते आणि तो भाग कायमचा दुखरा राहतो. कुणी आधीच काही केलं असेल तर टोक काळं पडणं, वास, सूज, थांबत नसलेलं रक्त, दूध न पिणं, अंग गार पडणं यांपैकी एकही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखमेवर घरची कुठलीही पूड टाकू नका. आई चाटून जखम उघडी करते, तेही सांभाळा.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर अख्ख्या शेपटीचे कॉकर आता जगभर दिसतात. ऑस्ट्रेलियात दिसण्यासाठी केलेल्या डॉकिंगवर बंदी आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये कामावरच्या काही कुत्र्यांचा अपवाद सोडून २००७ पासून. युरोपातल्या अनेक देशांनी पाळीव प्राण्यांच्या रक्षणासाठीच्या १९८७ च्या युरोपीय करारानुसार ते थांबवलं. जिथे बंदी नाही त्या अमेरिकेतही पशुवैद्यांची राष्ट्रीय संघटना केवळ रूपासाठीच्या डॉकिंगला विरोध करते. तुमच्याकडचा कायदा डॉक्टरांना विचारून घ्या. फोटो शेपटीसकट टाका, विचारणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगा की शेपट्या पूर्ण आहेत. त्यावर जो मागे फिरेल त्याला फिरू द्या.

या आठवड्यात लक्ष खरं तर दुसरीकडे हवं: जागा उबदार ठेवणं, नाळेची जागा कोरडी आहे का बघणं, आणि रोज एकाच वेळी सहाही जणांना वजनकाट्यावर ठेवून लिहून ठेवणं. साधारण सात ते दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं वजन सलग दोन दिवस वाढलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. मागच्या पायांना काही सापडलं तर ते घट्ट आहे की लोंबतंय, आणि किती पिल्लांना आहे, एवढं कळवा.